हाताला हलका दगड

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल लागला आणि आमच्या भाच्याने, हर्षलने, गाडी बंदच करून टाकली, म्हणजे आता दहा-पंधरा मिनिटं आपण इथलेच रहिवासी हे कळलं. पुढे कांद्याच्या गोण्यांचा ट्रक, बाजूला टेम्पो, टेम्पोत द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर बसून निवांत चहा पिणारा एक माणूस. माझा नवरा शेखर पुढच्या सीटवर होता आणि त्याच्या मांडीवर पांढऱ्या पंच्याचं छोटं गाठोडं होतं. "हे धर जरा, गुरुजींना उशीर होतोय म्हणून सांगतो," असं म्हणत त्याने ते मागे माझ्या हातात दिलं, आणि माझा हात वर गेला. भरलेली समजून रिकामी बादली उचलली की जातो तसा. फार नाही, दोन बोटं. पण गेला. गाठोड्यात आईंचा जिवखडा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वत्सलाबाई. दहा दिवसांपूर्वी स्मशानात शेखर खांद्यावर मडकं घेऊन फिरला, तेव्हा दर फेरीला ज्या दगडाने मडक्याला भोक पाडलं, तो दगड. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात राहतो म्हणतात, म्हणून रोज त्याच्यावर तीळ आणि पाणी सोडायचं आणि दहाव्याला गोदावरीत नेऊन द्यायचा. त्या दिवशी घरी आल्यावर तो मीच धुऊन, बाल्कनीत ठेवायच्या ताटलीत घालून शेखरच्या हातात दिला होता. काळा, घट्ट, मुठीपेक्षा जरा मोठा, कुठे छिद्र म्हणून नाही. असा दगड हाताला किती लागतो हे मला कोणी सांगायला नको, चोवीस वर्षं माझं पोट त्यावरच चाललंय. आणि हा हलका होता.

मी भूजलवाली. गावोगाव फिरायचं, जमिनीखाली कुठला दगड आहे ते बघायचं आणि इथे विहीर घ्या, इथे घेऊ नका असं सांगायचं. लोक ऐकून घेतात आणि मग नारळवाल्या पाणाड्याला विचारून त्याच्या मताने खणतात, तो भाग वेगळा. पण हात तयार झालाय. डोळे मिटून हातात दगड द्या, घट्ट कातळ की छिद्राछिद्रांचा मांजऱ्या, ताजा की आतून कुजलेला, मी सांगते. तेव्हा हातावर शंका घ्यायचं कारण नव्हतं, तरी मी घेतली. मनात म्हटलं, दहा दिवसांत झोप नाही, पाहुण्यांचे डबे, फोन, हात दमला असेल. शेजारी उज्वलाताई, माझी नणंद, खिडकीबाहेर बघत होत्या. मी पदराआड गाठ सैल केली आणि बोट आत घातलं. बोटाला खळगे लागले. बारीक, गोल, तिळाएवढे आणि ज्वारीएवढे. मग डाव्या बाजूची ती चपटी जागा लागली, जिच्यावर अंगठा बरोब्बर बसतो. बारा वर्षं हा दगड मी बाल्कनीत जाता-येता उचललाय. हा आईंचा जिवखडा नव्हता. हा आईंच्या आणि माझ्या पैजेचा दगड होता. आणि पुढच्याच क्षणी सकाळचं ते डोळ्यांसमोर आलं: निघताना बाल्कनीच्या दाराला एक काळा दगड लावलेला होता, दार आपटू नये म्हणून, आणि तो बघून मी मनात म्हटलं होतं की चिमणाबाईंनी माझा कुठला तरी नमुना उचललेला दिसतोय. चिमणाबाई आमच्याकडे केर-फरशीला येतात. काळा, घट्ट, मुठीपेक्षा जरा मोठा. म्हणजे माझ्या सासूबाईंचा जीव ह्या घटकेला इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर दार धरून बसला होता आणि आम्ही भलत्याच दगडाला घेऊन रामकुंडावर निघालो होतो.

मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते दाबायला मी खोकले, तर उज्वलाताईंनी पाठीवरून हात फिरवला, कारण त्यांना वाटलं मला रडू येतंय. त्यामुळे आणखी हसू आलं. आईंना हे सांगितलं असतं तर त्या आधी मला एक शिवी देऊन मग पदर तोंडाला लावून हलल्या असत्या; त्यांचं हसणं आवाजाचं नव्हतं, नुसतं हलायच्या. दार आपटणं ह्या एका गोष्टीवर ती बाई आयुष्यभर चिडली. वाऱ्याचं घर, दुपार झाली की बाल्कनीचं दार धाडकन बसायचं आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अगं घरात एवढाले दगडं आणून ठेवलेत, एक दाराला लावा ना. एवढ्या दगडांत एकाचा तरी उपयोग होऊ द्या." मी म्हणायची, आई, ते नमुने आहेत. त्या म्हणायच्या, "असू दे, नमुना कोण हे आम्हाला ठाऊक हे." शेखर दर रविवारी दाराला स्टॉपर लावणार होता. तीस वर्षांत किती रविवार येतात ते त्यालाच विचारावं.

ट्रक हलला, आम्ही दोन हात पुढे गेलो, पुन्हा थांबलो. शेखर फोनवर होता. "हो गुरुजी, द्वारकालाच आहोत. हो, सगळं घेतलंय. अश्मा घेतलाय." अश्मा म्हणजे हाच, पोथीतल्या भाषेत. त्याची मान मागून दिसत होती. शेखर अंबडला एका कारखान्यात मशिन शॉप सांभाळतो, मायक्रॉनच्या गोष्टी करतो, दगड मात्र त्याला सगळे सारखेच, आणि देवाधर्माचं त्याला फारसं नाही. पण आई गेल्यापासून तो रोज सकाळी सहाला उठून आंघोळ करून बाल्कनीत जायचा, दार ओढून घ्यायचा आणि त्या दगडावर पाणी सोडायचा. पाच मिनिटांचं काम, तो अर्धा तास बाहेर यायचा नाही. मी काचेतून पाठ बघायची आणि स्वयंपाकघरात परत जायची. मी स्वतः दहा दिवस बाल्कनीत पाऊल टाकलं नाही, आईंची खुर्ची तिथे आहे. गेले असते तर लगेच ओळखलं असतं. आता हे त्याला कसं सांगायचं? की बाबा रे, तू ज्याच्याशी रोज अर्धा तास बोलत होतास, काय बोलत होतास देव जाणे, ती आई नव्हती, माझ्या कामावरचा दगड होता? दहा दिवसांत तो एकदाही रडला नव्हता आणि एकदाही हसला नव्हता. नुसता वेळेवर सगळं करत होता.

आता मी काही मानणारी बाई नाही. दगडात जीव राहतो वगैरे मला पटत नाही, आणि ते मी आईंशीही वाद घालून बोलले आहे. मग म्हणावं, सोड ना. दगड तो दगड. हा गेला काय नि तो गेला काय, गोदावरीला काय पडलंय. शेखरचं मन शांत, उज्वलाताई खूश, घरी जाऊन दारातला दगड गुपचूप उचलून कुंडीत टाकायचा, संपलं. हे मी मनाशी अगदी स्वच्छ बोलले आणि मनाने ऐकलं नाही. कारण दगड तो दगड हे वाक्य मला तोंडातून काढता येत नाही. ते मानणाऱ्यांना जमतं. एखादा भाविक माणूस खुशाल म्हणेल, भाव महत्त्वाचा, दगड कुठला का असेना. मी चोवीस वर्षं ह्याचाच पगार घेतेय की हा दगड म्हणजे तो दगड नव्हे. ह्याच्या पिशवीत ही चिठ्ठी, त्याच्या पिशवीत ती. आणि एकदा ती चुकली होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडून दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, सिन्नरकडचा मुरूम निफाडच्या नावावर गेला, आणि मी गप्प बसले. कोणाचं काही बिघडलं नाही, तो अहवाल कोणी उघडूनही बघितला नसेल. पण महिनाभर जेवण गेलं नाही. शेवटी आईंना सांगितलं. त्या तेव्हा वाल सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं, सिन्नर-निफाड काही कळलं नसणार, आणि म्हणाल्या, "चूक सांगितली की निम्मी होती. झाकली की तिला पिल्लं होत्यात. उद्या जाऊन सांग साहेबाला, अन् आता हे वाल सोल." मी सांगितलं. साहेब म्हणाले, बरं. एवढंच. आणि आता त्याच बाईच्या नावाची चिठ्ठी मी चुकीच्या दगडाला लावून पाण्यात सोडणार होते.

गाडी अखेर सुटली. हर्षल, म्हणजे उज्वलाताईंचा मुलगा, म्हणाला, "मामी, एसी वाढवू का? तुम्हाला घाम आलाय." मी नको म्हटलं. मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे दहा, घाम यायचं काही कारण नव्हतं. मी गाठोडं दोन्ही हातांत धरलं होतं आणि अंगठा आपसूक त्या चपट्या जागेवर गेला होता. बारा वर्षांपूर्वी पिंपळगावला आमच्या मळ्यातली विहीर खोल करायची होती. मी तज्ज्ञ म्हणून गेले, आई हट्टाने बरोबर आल्या. मी सांगितलं होतं त्या जागी सुरुंग लावले, कातळ फुटला, खालचा दगड वर आला आणि काठावर ढीग पडला. उन्हाला बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून आई त्या ढिगावर बसल्या, जणू मालकीणच, आणि एकेक दगड उचलून बाजूला टाकायला लागल्या. सवयच ती. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी त्या जमिनीतले दगड वेचले, त्यांचे बांध घातले. माझं लक्ष विहिरीत. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ज्योत्स्ना, हा हलका का गं?" मी वळून बघितलं. ह्या दगडावर वरून काही दिसत नव्हतं, नेहमीचा मांजऱ्या, अंगावर खळगे. मी घेतला आणि माझा हात दोन बोटं वर गेला. आतून पोकळ. शंभर माणसांना दिला असता तर नव्याण्णवांना कळलं नसतं. त्यांना कळलं होतं. लग्नाला माझ्या तेव्हा अठरा वर्षं झाली होती, एका घरात, एका ओट्यावर, भाजीत मीठ किती ह्यावर आमचं कधी जमलं नव्हतं, आणि दोघींचा हात एकच आहे हे मला त्या ढिगावर कळलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या शेजारी त्या धुळीत बसकण मारली.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. नेहमी साहेब लोकांना सांगते ते नाही, नीट. की आपण बसलोय ती जमीन एकेकाळी वाहत होती, उकळता रस, थरावर थर, सह्याद्री म्हणजे तेच थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. "तुझं वय काय अन् बोलतीस काय," आई म्हणाल्या. की तो रस थंड होताना आत वाफेचे बुडबुडे अडकले आणि तिथे पोकळ्या राहिल्या. मग वरून पाणी झिरपत राहिलं. पाणी रिकाम्या हाताने येत नाही, वाटेत दगडातलं काही ना काही विरघळवून बरोबर आणतं, आणि पोकळी दिसली की तिथे ठेवून पुढे जातं. कण कण. त्याचेच स्फटिक होतात, पांढरे, हिरवट, लोक विकत घेतात. आई ऐकत होत्या. म्हणाल्या, "अन् वरचं? वर तर माती हे." मी म्हटलं, तीही त्याचीच. ऊन, पाऊस, झाडांची मुळं, ह्यांनी कातळाचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते. "अन् मातीत द्राक्षं, द्राक्षं पेटीत, पेटी विलायतेला," आई म्हणाल्या. "म्हणजे माझा कातळ बोटीत बसून साहेबाच्या देशाला चाललाय म्हण." मी म्हटलं, बरोबर. त्या बराच वेळ हलत राहिल्या. पुढे सहा महिने आल्या-गेल्याला त्या हेच सांगत होत्या, आणि द्राक्ष खाताना, "कातळ गोड निघाला यंदा."

पैज त्याच दिवशी लागली. मी म्हटलं, ह्याच्या आत स्फटिक आहेत, घण द्या, फोडून दाखवते. आईंनी दगड कानाशी नेला, हलवला आणि म्हणाल्या, आत पाणी हे. असतं तसंही कधी कधी, पोकळीत पाणी अडकून राहतं, पण क्वचित. मी कानाशी नेला, मला काही ऐकू आलं नाही. "तुला नाही यायचं ऐकू, तू शिकलेली," आई म्हणाल्या. साडीची पैज. मी घण उचलला आणि त्यांनी माझा हात धरला. "नको फोडू. फोडला की दोघींतली एक खोटी पडंल. राहू दे तसाच, म्हणजे दोघी खऱ्या." असा तो बारा वर्षं बाल्कनीत माझ्या नमुन्यांच्या रांगेत पडून होता. भांडण झालं की आई तो कानाशी धरून मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आहे बाई पाणी, आहे." त्या गेल्या त्या दुपारीही जेवल्या, ताक मागितलं, दार आपटल्याबद्दल ओरडल्या आणि आडव्या झाल्या. सत्त्याऐंशी वर्षं. पाय सोडले तर दुखणं नाही, खुपणं नाही. लोक म्हणाले, सोनं झालं. मला मात्र राग आला होता, कारण मी ताक घेऊन गेले तेव्हा त्या झोपल्या होत्या, आणि मी म्हटलं, झोपू दे.

रामकुंडावर नेहमीची गर्दी. गुरुजी तरुण होते, कानात ब्लूटूथ, पण उच्चार स्वच्छ. शेखरचं मुंडन झालं आणि त्याचं डोकं इतकं लहान दिसलं की उज्वलाताईंनी मान फिरवली. पिंड मांडले. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता कावळ्यावर सोपवायचं. मानत नाही, तरी. कावळा शिवला नाही तर बोलायचं, शिवला तर गप्प बसायचं. आणि बाकीचे लोक इथे कावळ्यासाठी तासन् तास ताटकळतात, बहीण-भावांची लग्नं लावून द्यायची वचनं देतात, आमच्या पिंडावर मात्र दुसऱ्याच मिनिटाला तीन कावळे. एकाने भात नेला, एकाने वडा, तिसरा नुसता इकडेतिकडे चालत राहिला. "आईचं काहीच राहिलं नव्हतं बघ मागे," उज्वलाताई डोळे पुसत म्हणाल्या. शेखरने हात जोडले. आणि मी तिथे उभी, आता सगळं माझ्यावरच आलेलं. कावळ्याने निकाल दिला होता आणि मला तो चालत नव्हता. ह्यालाच बहुधा न मानणं म्हणतात.

"आता अश्म्याला तेल आणि शेवटचं तिळाचं पाणी, मग विसर्जन," गुरुजी म्हणाले. शेखरने गाठोडं उचलून गाठ सोडायला घेतली. त्याची बोटं हलक्या हाताने काम करत होती, जसा तो घरी आईंच्या पायाची पट्टी सोडायचा. मी म्हटलं, "थांब. तो दगड आईंचा नाहीये." एवढ्या गर्दीत माझा आवाज बारीक आला, पण शेखर थांबला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: हाताला हलका लागला, हा पैजेचा दगड आहे, आईंचा दगड घरी बाल्कनीच्या दाराला लावलाय, मी द्वारकालाच ओळखलं होतं आणि बोलले नाही. उज्वलाताई म्हणाल्या, "वहिनी, अहो दगड ओळखायचा पगार घेता तुम्ही." त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो त्यांना शोभत होता. हर्षलने गाडीची किल्ली काढली, "मी आणतो जाऊन, पाऊण तासात येतो." दगड शेखरच्या हातात पंच्यात अर्धा उघडा, आणि तो त्याच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा कोसळणार. मला स्वतःचा इतका राग आला की हे झाकूनच ठेवायला हवं होतं असं वाटलं.

गुरुजींनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. "काकू, एक सांगा. दहा दिवस पाणी कुठल्या दगडाला मिळालं?" मी म्हटलं, ते कसं कळणार, आज सकाळी बदलला की आधी, कोणाला माहीत. "कारण मडकं फोडायला एक दगड लागतो," गुरुजी म्हणाले, "पण दहा दिवस ज्याने पाणी घेतलं, त्याला आम्ही अश्मा म्हणू. एकदोन दिवसांचा फरक चालवून घेऊ." हे शास्त्रात आहे की ते तिथल्या तिथे सुचलं, मी विचारलं नाही. पण प्रश्न माझ्या कामाचा होता. ह्या दगडावर पाणी किती दिवस पडलं? असं मला कोणी विचारलं की मी काय करते? दगड फिरवून बघते. गाडीत मी तेवढं केलंच नव्हतं, नुसतं एका बाजूने बोट फिरवून निकाल देऊन मोकळी झाले होते. मी शेखरच्या हातातून दगड घेतला आणि उलटा केला.

त्या बाजूचा प्रत्येक खळगा तिळांनी भरलेला होता. काळे तीळ, गच्च, एकाला एक चिकटलेले. रोज पाणी वाहून गेलं होतं आणि आणलेलं तिथे ठेवून गेलं होतं. एका दिवसात असं भरत नाही. आणि कडेच्या एका मोठ्या खळग्यात एक तीळ उकलला होता. त्यातून पांढरा, केसाएवढा मोड बाहेर आला होता, वर नाही, आत गेला होता, खळग्याच्या तळाशी असलेल्या चिरेत टोक घालून. मी चष्मा वर केला आणि बघत राहिले. तीळ रुजायला तीन-चार दिवस लागतात, एवढा वाढायला आणखी तीन. "कमीत कमी सात दिवस," मी म्हटलं. "बहुतेक आठ-नऊ. दुसऱ्याच दिवशी अदलाबदल झालीय. ह्यालाच पाणी मिळालंय." माझा आवाज मला ऑफिसमधला वाटला. शेखर वाकून बघायला लागला. "हे काय करतंय?" त्याने बोट न लावता विचारलं. मी म्हटलं, "मूळ आहे. दगड फोडायला घेतलाय त्याने. असंच सुरू होतं सगळं, कातळाची माती व्हायला." शेखर म्हणाला, "म्हणजे पैजेचा?" मी मान हलवली. "बारा वर्षं तुला फोडू दिला नाही," तो म्हणाला, "आणि स्वतः गेल्यावर घाईने फोडायला घेतला." आणि तो हलायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे, अगदी आईंसारखे, आणि हलता हलता रडायला लागला. उज्वलाताईंनी त्याला धरलं आणि त्याही त्यातच सामील झाल्या. हसतात की रडतात ते मला कळेना, कारण माझंही तेच चाललं होतं. शेजारच्या मंडळींनी आमच्याकडे जरा बिचकून पाहिलं. गुरुजी म्हणाले, "चला, मुहूर्त टळतोय."

सगळ्यांनी तेल लावलं, पाणी सोडलं. मला वाटलं होतं की शेवटच्या क्षणी मला तो सोडवणार नाही. मी बारा वर्षं वाट बघितली होती आत काय आहे ते बघायची, आणि आत स्फटिक आहेत ह्याची मला आजही नव्याण्णव टक्के खात्री आहे. उज्वलाताई कानाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, एकदा कानाला लावून बघा तरी." मी लावला, हलवला. तिळाच्या तेलाचा वास आला. कुंडावर मंत्र, घंटा, कोणाचा तरी फोन, पाण्याचा आवाज. आतून काही आलं की नाही मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "आहे बाई पाणी, आहे," आणि दगड शेखरच्या ओंजळीत दिला. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने दगड टाकला नाही, हात पाण्याखाली नेऊन ठेवला.

घरी पोचायला दोन वाजले. चिमणाबाई फरशी पुसून, भात लावून आमची वाट बघत होत्या. बाल्कनीचं दार उघडं आणि खाली तो काळा दगड. मी विचारलं, "चिमणाबाई, हा कुठून घेतला?" त्या घाबरल्या नाहीत, उलट कौतुकाने सांगायला लागल्या. "त्या ताटलीतून. आजी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दार लय आपटत होतं. म्हटलं, आजी असत्या तर वरडल्या असत्या. हाच जड होता, लावला. मंग ताटली रिकामी बरी दिसंना, तर तिकडचा एक उचलून ठिवला तिच्यात. का, काय चुकलं का ताई?" उज्वलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही, काही चुकलं नाही. "मंग काढू का आता?" शेखर चपला काढत होता, डोक्यावर रुमाल. गुरुजींनी निघताना सांगितलं होतं की ह्या दुसऱ्या दगडाचं काही बंधन नाही, वाटलं तर सवडीने आणून सोडा. मी खाली बसून तो दगड उचलला. हाताला बरोबर लागला, जेवढा लागायला हवा तेवढा. आतून बाहेरून एकसारखा, घट्ट, ह्याला फुटायला हजारो वर्षं लागतील. मी तो परत होता तिथे ठेवला. शेखर म्हणाला, "राहू दे." तेवढ्यात दुपारचा वारा सुटला, दार फिरत आलं, दगडाला टेकलं आणि थांबलं. आम्ही सगळे तिथेच उभे होतो, धाडकन आवाज यायची सवय असलेले, आणि आवाज आला नाही. गेले नऊ दिवस तो येत नव्हता, हे आत्ता कळलं. घरातल्या एवढ्या दगडांत एकाचा उपयोग झाला होता. मी आत जाऊन आईंच्या वाटणीचं ताक केलं, आणि ते बाल्कनीत, त्यांच्या खुर्चीत बसून प्यायले.